दोन स्थळांपासून सुरुवात कर

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंडेन्स्ड मॅटर थिअरीत, म्हणजे घन पदार्थांतल्या असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याच्या सिद्धांतात, पीएचडी करायचं तुझ्या मनात आहे, तर या कामात दिवस कसे जातात ते लिहिते. कुठली शाखा 'हॉट' आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

घन सेंटिमीटरभर धातूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या एकावर बावीस शून्यांच्या घरात असते. त्या सगळ्यांचं मिळून समीकरण काय, हे १९२६ पासून माहीत आहे. लिहिता येतं, सोडवता येत नाही. म्हणून काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवण्यातच आपलं निम्मं आयुष्य जातं. १९६३ चं हबर्ड मॉडेल बघ. इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर उडी मारतो, त्याची किंमत t. एकाच अणूवर दोघे आले तर भुर्दंड U. बाकी सगळं टाकून दिलं, आणि तरीही दोन किंवा तीन मितींतल्या जाळीवर त्याचं नेमकं उत्तर आजवर कुणाला सापडलेलं नाही.

कागदावर नाही जमलं तर संगणकावर सोडवू, असं वाटेल. १६ स्थळं, म्हणजे अणूंच्या जागा, आणि १६ इलेक्ट्रॉन घे. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण, त्याच्या दोनच दिशा: निम्मे वर-स्पिनचे, निम्मे खाली-स्पिनचे. त्यांना मांडायचे प्रकार, म्हणजे अवस्था, होतात १२,८७० चा वर्ग, म्हणजे साडेसोळा कोटींहून जास्त. प्रत्येक अवस्थेला एक आकडा अशी यादी, म्हणजे एक सदिश, साठवायला सव्वा जीबीच्या वर जागा लागते आणि सर्वांत कमी ऊर्जा शोधणाऱ्या लँक्झोस पद्धतीला असे दोन-तीन सदिश लागतात, म्हणजे अजून हातातलं आहे. आणखी दोन स्थळं वाढवलीस की हे सगळं चौदापट होतं. विसाव्या स्थळाला एकच सदिश पावणेतीनशे जीबीच्या आसपास जातो. मोठं मशीन मिळालं म्हणून फार पुढे जाता येत नाही, ते या कारणाने.

म्हणून प्रोग्राम लिहिलास की आधी दोनच स्थळं, दोन इलेक्ट्रॉन. इथे उत्तर, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जा, कागदावर निघतं: U मधून U² + १६t² चं वर्गमूळ वजा कर आणि निम्मं कर. t = १, U = ८ ठेवलं की −०.४७२ यायला हवं. U शून्य केलं की −२. तिथे −४ आलं, तर टोकं जोडून कडी बंद करताना दोन स्थळांमधला तोच दुवा दोनदा मोजला आहेस. ही चूक नव्याने लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो. U खूप मोठा केला की उत्तर −४t²/U कडे सरकतं. या पदातूनच मॉट निरोधकांतलं (इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणामुळे वीज न वाहणाऱ्या पदार्थांतलं) प्रतिलोहचुंबकत्व, म्हणजे शेजारच्या स्पिनांनी उलटसुलट उभं राहणं, येतं, ते हाताने काढून बघ.

दोन स्थळांत एक चूक मात्र लपून राहते. इलेक्ट्रॉन फर्मिऑन जातीचे कण, ते एकमेकांना ओलांडताना येणारं वजा चिन्ह तिथे उपटतच नाही. त्यासाठी चार स्थळांची बंद कडी घे, एकाच स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन ठेव, t = १. बरोबर उत्तर −२. चिन्ह विसरलीस तर −२.८३ येतं, आणि ऊर्जा कमी दिसते म्हणून माणूस उलट खूश होतो! असल्या चुकांवर महिने जातात. पेपरात त्यांचा मागमूस नसतो, त्यामुळे दुसऱ्यांचं काम सरळ रेषेत चालतं असं विद्यार्थ्यांना उगाच वाटत राहतं.

कागदावरच्या कामाच्या खोड्या निराळ्या. अतिवाहकता, म्हणजे थंड केल्यावर विजेचा रोध पार नाहीसा होणं, १९११ मध्ये सापडली, सिद्धांत आला १९५७ मध्ये. एवढा उशीर का, याचं एक कारण उत्तराच्या रूपातच आहे. इलेक्ट्रॉनांमधल्या आकर्षणाचं बळ g धर. ऊर्जेतली फट e च्या −१/g व्या घातासारखी जाते, आणि असं फल g च्या घातांच्या मालिकेत कधीच सापडत नाही, कितीही पदं घेतलीस तरी. कोंडोचं १९६४ चं गणित दुसऱ्या टोकाचं. धातूतल्या चुंबकीय अशुद्धीमुळे कमी तापमानाला रोध पुन्हा का वाढतो, हे त्याने पटवलं. पण तेच पद तापमान शून्याकडे नेताना अनंताकडे धावलं. ते विल्सनने १९७५ मध्ये सोडवलं. तुझं उत्तर कुठल्या टोकाला फुटतं ते लपवू नकोस. पुढचा प्रश्न बहुधा तिथेच असतो.

प्रश्न निवडताना १९८६ च्या उच्चतापी अतिवाहकांचा अख्खा डोंगर पीएचडीला उचलू नकोस. सर्वमान्य स्पष्टीकरण अजून नाही, आणि तुझ्याकडे पाच-सहा वर्षं आहेत. त्यातला एखादा मोजता येण्याजोगा तुकडा घे. एक प्रश्न सुटण्याची खात्री असलेला, एक बेभरवशाचा, असे दोन सोबत चालव. प्रयोगवाल्यांकडे बसत जा. त्यांच्या आलेखावर रेघ काढण्याआधी नमुना किती शुद्ध आहे, तापमान नमुन्यावरच मोजलं की थंड करणाऱ्या यंत्रावर, हे विचार. दाद लगेच मिळेल असं धरू नकोस. क्वांटम हॉल परिणामात आडव्या दिशेची वाहकता ठरावीक टप्प्यांतच बदलते. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र नसतानाही तो शक्य आहे, हे हाल्डेनने १९८८ मध्ये मांडलं. पदार्थात तो दिसल्याचं २०१३ मध्ये छापून आलं.

आता पोटापाण्याचं. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांचा एक पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाची तात्पुरती नोकरी, बहुतेकांना दुसराही, बऱ्याचदा वेगळ्या देशात. कायमची जागा मिळालीच तर तिशीच्या मध्यावर, आणि जागा उमेदवारांपेक्षा फार कमी. जोडीदाराची नोकरी याच काळात अडते. त्याबद्दल आधी बोललेलं बरं. पोस्टडॉकचे बरेचसे अर्ज वर्षाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत जातात. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात, ती देणाऱ्यांना महिनाभर आधी सांग. त्यातलं एक तरी गाइडच्या गटाबाहेरच्या माणसाचं असावं, आणि ते चौथ्या वर्षी अचानक उगवत नाही. दुसऱ्या वर्षापासून बाहेर व्याख्यानं देत राहिलीस तरच कुणी तुला ओळखेल. मोठ्या परिषदेत बोलायला दहा मिनिटं मिळतात. त्यात एकच आलेख नीट समजावता येतो.

या क्षेत्रातून बाहेर पडणारे पुष्कळ. सॉफ्टवेअर, वित्त, क्वांटम संगणक, सगळीकडे जातात आणि बरे राहतात. मात्र त्यासाठी कोड दुसऱ्याला वाचता येईल असा लिहायची सवय पहिल्या वर्षापासून हवी.

चार स्थळांचं उत्तर आलं की कळव. −२.८३ आलं तरी कळव.

तुझी,
आई