१९९६ च्या मापाने गरीब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मी अमेरिकेत मुले दत्तक देण्याच्या कचेरीत आहे असे आई गावभर सांगते, ते खरे का, असे तू विचारले आहेस. आईने आपल्या परीने सोपे करून सांगितले आहे, पण मी कोणाला मुले देत नाही आणि मुले मला दिसतातही क्वचितच. माझ्या टेबलावर येतात ती त्यांची कागदपत्रे. आईवडिलांकडून मारहाण किंवा आबाळ झाल्यामुळे ज्या मुलांना न्यायालयाच्या आदेशाने घरातून काढून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे बहुधा दुसऱ्या कुटुंबाकडे, सांभाळायला ठेवतात, त्यांच्या खर्चाचा वाटा केंद्र सरकारकडून मागता येईल का, त्यांचे मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, कोणत्या सदरात बसेल आणि त्यांच्या स्वतःच्या हक्काचे आणखी काही पैसे कोठे पडून आहेत का, हे मी ठरवतो.

मूल अपात्र ठरले म्हणून त्याला कोणी उपाशी ठेवत नाही. ज्या कायद्याला आम्ही कचेरीत ‘फोर-ई’ म्हणतो, तो १९८० साली झाला. मूल त्यात बसले तर सांभाळाच्या खर्चाचा किमान निम्मा भाग, आणि गरीब राज्यांत त्याहून अधिक, केंद्र देते. बसले नाही तर सगळा भार राज्याने आणि काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, उचलायचा.

तू तहसील कार्यालयात इतकी वर्षे उत्पन्नाच्या दाखल्यांवर नजर ठेवून आहेस, म्हणून पुढचे तुला विशेष वाटेल. मूल पात्र ठरायचे तर ज्या घरातून ते काढले ते घर गरीब असावे लागते, आणि ही गरिबी मोजायची ती १६ जुलै १९९६ रोजी त्या राज्यात लागू असलेल्या जुन्या कुटुंब-मदत योजनेच्या नियमांनी. ती योजना त्याच वर्षी संसदेने मोडीत काढली. योजना गेली, तिचा मापदंड मात्र आमच्या गळ्यात राहिला, आणि उत्पन्नाचे त्यातले आकडे महागाईबरोबर वाढवायची सोयच कायद्यात ठेवलेली नाही. त्या काळी गरिबीत मोजले गेले असते असे घर आज, तितकेच ओढगस्तीचे असूनही, किराणा दुकानातल्या अर्धवेळ पगारामुळे रेषेच्या वर जाते. दर वर्षी थोडी अधिक मुले अशी निसटतात आणि केंद्राचा भार आपोआप हलका होत जातो. हे कोणी उघड ठरवून केले असते तर निदान त्यावर वाद तरी झाला असता.

शिवाय त्या जुन्या योजनेत मूल आईच्या किंवा बापाच्या आधाराला मुकलेले असावे लागे: मृत्यूमुळे, घर सोडून गेल्यामुळे, आजारपणामुळे किंवा बेकारीमुळे. ही अट प्रत्येक मुलाला वेगळी लावायची असते. त्यामुळे एका आईच्या, पण दोन बापांच्या भावंडांना एकाच रात्री एकाच गाडीतून आणले, तरी ज्याचा बाप निघून गेला तो पात्र आणि ज्याचा बाप घरात राहून पूर्णवेळ नोकरी करतो तो अपात्र, असे होऊ शकते. अशी जोडी आली की मी गणित पुन्हा तपासतो, आणि उत्तर बहुधा तेच येते.

पण सर्वांत जास्त वेळ जातो तो न्यायालयाच्या आदेशात. मुलाला घरातून काढण्याला मंजुरी देणारा जो पहिला आदेश असतो, त्यातच ‘या घरात राहणे मुलाच्या हिताविरुद्ध आहे’ असा निष्कर्ष त्या मुलापुरता, कारणासह नोंदलेला असावा लागतो. तो राहून गेला तर मूल त्या खेपेला फॉस्टर केअरमध्ये जितकी वर्षे राहील तितकी वर्षे केंद्राचा पैसा मिळत नाही. मागाहून मागच्या तारखेने दुरुस्त केलेला आदेश चालत नाही, प्रतिज्ञापत्रही चालत नाही. त्या दिवशीच्या सुनावणीच्या शब्दशः नोंदीत न्यायाधीश तसे बोललेले सापडले तरच निभावते. मुलाला घरातून काढावे लागू नये म्हणून यंत्रणेने वाजवी प्रयत्न केले होते, असा दुसरा निष्कर्ष ६० दिवसांच्या आत यावा लागतो. म्हणून जुन्या सुनावण्यांच्या प्रती मागवून त्यांतले एखादे वाक्य शोधणे हा माझा नित्याचा उद्योग झाला आहे. (तुला आपल्याकडचे फेरफार आठवतील.)

आता पैशाची दुसरी बाजू, जिच्यामुळे मी ही नोकरी टिकवून आहे. पुष्कळ मुलांना अपंगत्वामुळे एसएसआय, म्हणजे गरीब अपंगांना व वृद्धांना केंद्राकडून दरमहा मिळणारी मदत, मिळू शकते, काहींना वारलेल्या आईच्या किंवा बापाच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे पगारातून कापलेल्या रकमेवर चालणाऱ्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे, वारस-लाभ मिळू शकतात, आणि घरच्यांनी कधी अर्जच केलेला नसतो. आम्ही तो करतो, पण ती रक्कम बहुधा मुलाची प्रतिनिधी म्हणून आमच्यासारखी यंत्रणाच घेते आणि त्याच्याच सांभाळाच्या खर्चात वळती करते. वॉशिंग्टन राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे कायदेशीर ठरवले. कायदेशीर आहे, तरी मला ते पटत नाही. इतर मुलांचा सांभाळ सरकारी खर्चाने होतो आणि ज्याचा बाप वारला त्याने मात्र बापाच्या कमाईतून आपले भाडे भरायचे, याला न्याय कसे म्हणावे? मेरीलँडने २०१८ मध्ये कायदा करून यातला काही भाग मुलाच्या नावे राखून ठेवायला लावले, आणि नंतर इतर काही राज्येही त्या वाटेने गेली. राखून ठेवणेही सोपे नाही, कारण एसएसआय घेणाऱ्याच्या नावावर साधारणपणे २००० डॉलरपेक्षा अधिक शिल्लक चालत नाही आणि ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे; म्हणून वेगळ्या प्रकारची खाती उघडावी लागतात.

मेडिकेडचे काम त्या मानाने समाधानाचे आहे. अठराव्या वर्षी जो फॉस्टर केअरमध्ये होता आणि ज्याला मेडिकेड मिळत होते, त्याला २६ वर्षांचा होईपर्यंत उत्पन्न न पाहता ते मिळते. २०१४ पासून ही सोय आहे. ज्यांनी १ जानेवारी २०२३ रोजी किंवा त्यानंतर अठरावे पूर्ण केले, ते दुसऱ्या राज्यात राहायला गेले तरी तिथे त्यांना ते द्यावे लागते. या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते. हात मोडल्यावर, बिल आल्यावर, त्यांचा फोन येतो.

तुला एक विचारायचे आहे. आपल्याकडच्या बालसंगोपन योजनेत आजीकडे किंवा मामाकडे राहणाऱ्या मुलासाठी तुम्ही दाखला कोणाच्या उत्पन्नाचा पाहता, सांभाळणाऱ्याच्या की आईबापाच्या? आमच्याकडे आईबापाचेच पाहतात, आणि त्यावर माझा आमच्या वरिष्ठांशी वाद चालू आहे. शासन निर्णयाची प्रत हाताशी असेल तर पाठव.

तुझा,
मित्र