‘सेट’चे ४३० अर्थ आणि छापखाना

महोदय,

रविवारच्या पुरवणीत इंग्रजी ‘सेट’ या शब्दाचे ४३० अर्थ असल्याची चौकट वाचली. सर्वाधिक अर्थांचा शब्द हाच, असेही त्यात ठासून म्हटले आहे. हा विक्रम जुना झाला. ४३० हा आकडा ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ सालच्या २० खंडी आवृत्तीतला. पुढे त्याच कोशाच्या संपादकांनी ‘रन’ची नोंद नव्याने तपासली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. ही बातमीही २०११ची, म्हणजे शिळीच.

पण माझी तक्रार आकड्याची नाही. अर्थांच्या या गर्दीचे श्रेय चौकटीने इंग्रज पंडितांना दिले, ते खटकले. मी जुळारी, पुण्यात जन्मभर छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवली. आमच्या एका छापखान्यातच हा शब्द किती कामे करायचा! मजकूर जुळवून झाला की ‘मॅटर सेट झालं’. ओळींमध्ये शिशाची पट्टी घालायची नसेल तर ‘सॉलिड सेट’. मोनोटाइप, म्हणजे खिळे ओतून जुळवणारे यंत्र, चालवणाऱ्यांकडे सेट म्हणजे अक्षराच्या रुंदीचे माप. छापल्यावर शाई ‘सेट’ व्हायची, म्हणजे वरवर घट्ट व्हायची. सेट होणे वेगळे आणि वाळणे वेगळे, हे नव्या पोराला बोलणी खाऊनच कळायचे. घाईघाईत ओल्या कागदांची चळत उंच रचली, की खालच्या कागदावरची शाई वरच्याच्या पाठीला लागायची. तो ‘सेट-ऑफ’, आणि त्यावरून मालकाचा आरडाओरडा. ऑफसेट छपाईत मात्र हेच मुद्दाम करतात: प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर, तिथून कागदावर.

यातला एकही अर्थ पंडितांनी घडवलेला नाही. गवंड्याचे सिमेंट सेट होते, मोडलेले हाड सेट करतात, सुतार करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवतो त्यालाही इंग्रजीत सेटच. ज्या-त्या धंद्याने शब्द आपल्या कामाला जुंपला, कोशकारांनी नोंद ठेवली.

त्यातही कपबश्यांचा ‘सेट’ मुळात वेगळ्या घरचा. तो फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’वरून, म्हणजे पंथ, अनुयायी अशा अर्थाच्या शब्दावरून आला आणि ‘बसवणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदात मिसळला. ते क्रियापद ‘सिट’चे प्रयोजक रूप, आपल्या संसद, परिषद यांतला ‘सद्’ धातू त्याचा भाऊबंद. शिवाय सेट इन, सेट अप, सेट अबाउट या जोड्याही कोश त्याच नोंदीत धरतो. तसे मोजायचे तर आपले ‘लागणे’ घ्या: ठेच लागते, निकाल लागतो, एसटी लागते आणि शेजारची बाई दूरची मावशीही लागते. ‘त्याची वर सेटिंग आहे’ हा अर्थ तर आपणच इंग्रजांना शिकवावा.

विनंती अशी, की आठवड्यातून एकदा ही चौकट एखाद्या धंद्यातल्या शब्दांना द्या. जुळारी, खिळे, फर्मा (एकदम छापायच्या पानांचा संच) हे शब्द रोज तोंडात असणारी माणसे आता थोडी उरली. तुमच्याच छपाई विभागातून निवृत्त झालेल्यांपासून सुरुवात करता येईल. मी स्वतः यायला तयार आहे, फक्त सकाळी अकरानंतर.

– एक निवृत्त जुळारी, सदाशिव पेठ, पुणे