नाना, तुमच्या माळ्यावर बसून आभाळ कळलं

हत्तूरचे नाना,
सा. न. वि. वि.

हे तुमच्या घरी येऊनही सांगता आलं असतं. पण तुमचे आभार चारचौघांतच मानायचे होते.

ट्रेनिंगच्या विमानाला घार धडकली तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेला वाटीएवढा पोचा पडला होता आणि सांध्यात पिसं अडकली होती. सरांनी विमान शांतपणे उतरवलं, पण माझा धीर सुटला. घरी आले तर जो तो म्हणे, "देवाची कृपा, वाचलीस." तुम्ही एकट्यांनी विचारलंत, "किती वाजता धडकली? खाली काय हुतं?"

दुपारची वेळ होती आणि खाली उकिरडा. "मग घार असणारच की तिथं!" असं म्हणून तुम्ही मला ज्वारीच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसवलंत. ऊन तापून हवा वर उठू लागली की घारी पंख न हलवता गोल गोल चढतात. ज्वारीवर येणाऱ्या भोरड्या पाखरांचं वेगळंच. उजाडताना सगळा थवा एकदम झाडावरून उठतो आणि दिवस मावळताना परततो. "घार वर बघत न्हाई, तिचं ध्यान खाली. दचकली की पंख मिटून खाली सुटती." समोर पक्षी आला तर वेग सांभाळून विमान वर घ्यायचं, हे सरांनीही शिकवलं होतं. तुमच्या गोफणीचा आवाज झाला, घार खाली सुटली आणि ते मला पटलं.

मोठ्या प्रवासी विमानाची पुढची काच सुमारे १.८ किलोचा पक्षी सोसेल अशी बनवावी लागते. आमच्या चार सीटच्या विमानाची काच साधी अ‍ॅक्रिलिकची, तिला अशी परीक्षा नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की धडक चौपट बसते. त्यामुळे पाखरं दिसली की आता मी वेग कमी करते, लँडिंग लाइट चालू ठेवते आणि दुपारी उकिरड्यावरून जायचं टाळते. विमान शिकणाऱ्यांना १९१२ सालची गोष्ट सांगतात: कॅलिफोर्नियात कॅल रॉजर्स यांच्या विमानाला समुद्रपक्षी धडकला आणि त्यात ते गेले. पूर्वी ती ऐकून पोटात गोळा यायचा. आता आधी खाली काय आहे ते बघते.

जाता जाता आपल्या होटगी रोडच्या विमानतळाबद्दल. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची धुराची चिमणी २०२३ साली पाडेपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. आता गोव्याचं विमानही सुरू झालं, पण घारींबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि कचरा टाकायला १९३७ च्या विमान नियमांनीच बंदी घातलीय. कोंबडीची आतडी नाल्यात फेकणाऱ्यांना तुम्ही एकदा माळ्यावर बसवा, ही आपली माझी सूचना.

नाना, मी परत उडतेय. हुरड्याला येईन तेव्हा काकूंच्या हातची शेंगाचटणी लागेल. गोफण मात्र तुम्हीच फिरवा, माझा दगड अजून मागेच जातो.

तुमची,
शेजारची पायलटीण
सोलापूर