दुखऱ्या पायाने धावण्याचं कौतुक नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात शेवटच्या पानावर एक फोटो होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलेला एक तरुण, गळ्यात पदक, आणि वर मथळा: ‘दुखऱ्या पायानेही ५० किलोमीटर पूर्ण’. खालच्या मजकुरात त्याच्या जिद्दीची तारीफ होती. पाय नेमका कुठे दुखतोय, किती दिवसांपासून, कुणाला दाखवला का, याबद्दल एक ओळ नव्हती. त्या मुलाची मला काळजी वाटली, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी डिसेंबरात असाच माझा फोटो दुसऱ्या एका वर्तमानपत्रात आला होता. माझ्या नणंदेने तो कापून फ्रिजवर चिकटवला. ज्या सकाळी तो छापून आला, त्या सकाळी मला ओट्यावरून अंगणात उतरता आलं नव्हतं. मुलीने धरून उतरवलं.

मी रत्नागिरीजवळ भाट्ये परिसरात राहते, वय ४७, पोस्टात काउंटरवर काम करते. चाळिशीत साखर वाढायला लागली म्हणून चालायला सुरुवात केली, चालता चालता धावायला लागले. पाच किलोमीटर, दहा, मग हाफ मॅरेथॉन. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळ्याला जायचं म्हटलं तर साधारण २५ किलोमीटर पडतात. जाऊन-येऊन पन्नास. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर ओलांडले की त्याला अल्ट्रा म्हणतात. या रस्त्याने आपल्या पायांनी गणपतीपुळ्याला जायचं आणि आपल्याच पायांनी घरी यायचं, हे एकदा मनात आलं ते काही केल्या जाईना. त्यासाठी किनाऱ्यालगतच्याच एका ५० किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं.

चूक तयारीतच झाली. सप्टेंबरात आठवड्याला ३५ किलोमीटर धावत होते, ऑक्टोबरात साठाच्या वर गेले. त्यात नवरात्र आलं. नऊ दिवस उपास, साबुदाणा आणि फळं, आणि पहाटेचं धावणं चालूच. देवीचा उपास मी लहानपणापासून करते, पुढेही करीन, पण त्या दिवसांत धावायचं नव्हतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. दसऱ्यानंतर डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, दुखायला लागलं. जागा रुपयाच्या नाण्याएवढी. तिथे बोट दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं, बोटभर बाजूला सरकवलं की काहीच नाही. पुढे पुढे रात्री अंथरुणात ठणकायला लागलं. स्नायूचं दुखणं पायभर पसरतं, हे एका जागी बोट ठेवून दाखवता येत होतं. आज मला तो फरक कळतो.

तरी मी शर्यतीला उभी राहिले. फी भरलेली होती, ती परत मिळणार नव्हती आणि प्रवेश पुढच्या वर्षी ढकलायचीही सोय नव्हती. मुलगी पुण्याहून एसटीने आली होती, ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. सकाळी दुखण्यावरची एक गोळी घेतली, वाटेत दुसरी. लांब धावताना अंगातलं पाणी घामावाटे जात असतं, त्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली की मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो, हे नंतर समजलं. त्या दिवशी आमच्यातल्या कितीतरी जणांच्या खिशात त्या गोळ्या होत्या, आणि पाण्याच्या टेबलावर त्या एकमेकांना देत होते, खडीसाखर द्यावी तशा. छत्तिसाव्या किलोमीटरनंतरच्या उतारावर पाऊल टेकलं की नडगीतून कळ थेट गुडघ्यापर्यंत जायची. शेवटचे चौदा किलोमीटर मी कशी आले ते मला सलग आठवत नाही. पदक घालताना निवेदकाने माइकवरून माझं कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. ‘स्नायू आखडलाय, तेल लावून शेका’ असं सांगण्यात आलं. तीन आठवडे मी ती नडगी रोज रात्री चोळून घेत होते. मोडलेलं हाड चोळत होते. शेवटी एमआरआय केला तेव्हा भेग दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, हे मला डिसेंबरातच ठाऊक असतं तर तीन आठवडे वाचले असते.

फिजिओथेरपिस्टने समजावलं ते असं. हाडावर वाढीव भार आला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग तिथे नवं बांधतं. काढण्याचं काम काही आठवड्यांत होतं, बांधायला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पहिल्यापेक्षा कमजोर असतं. आमच्या घरावर अजून कौलं आहेत, त्यामुळे मला लगेच समजलं. शाकारणीला कौलं उतरवून ठेवावीत आणि तेवढ्यात वळीव यावा, तसं मी केलं होतं. आठवड्याचे किलोमीटर हळूहळू वाढवा म्हणतात ते छप्पर परत चढायला वेळ मिळावा म्हणून.

आणखी एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम लिहिते. गेल्या वर्षीच्या त्या महिन्यांत माझी पाळी चुकत होती. वयच तसं आहे म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण जेवढं धावतो त्या मानाने खाणं कमी पडलं तर आधी पाळी बिघडते, पाठोपाठ हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला वेगळं नाव देऊन ती पुरुष खेळाडूंनाही होते असं मांडलं. माझं ड जीवनसत्त्वही कमी निघालं. कोकणात उन्हाला तोटा नाही, पण पहाटे अंधारात धावून दिवसभर काउंटरमागे बसणाऱ्या बाईला ते मिळणार कधी? तेव्हापासून घरात रोज नाचणीची भाकरी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि धावायला जाण्यापूर्वी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज. उपाशीपोटी मी आता घराबाहेर पडत नाही.

आठ आठवडे धावणं बंद. मग मागच्या दाराची जांभ्याची पायरी. तिच्या कडेवर एका पायाचा चवडा ठेवायचा, टाच खाली सोडायची, वर उचलायची, पुन्हा खाली. भिंतीला फक्त दोन बोटं टेकवायची. पहिल्या दिवशी उजव्या पायाने चोवीस झाले, डाव्याने नऊ. दहाव्याला पोटरी थरथरून टाच अर्ध्यातच खाली आली. मी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात २४/९ असं लिहिलं. दोन्हीकडे पंचवीस होईपर्यंत धावायचं नाही असं ठरलं होतं. त्याला मार्च संपला.

एप्रिलात एक मिनिट धावणं आणि चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा. अर्ध्या तासात सहा मिनिटांचं धावणं. हाड नुकतं भरत आलेल्या माणसाला सपाट जागा लागते आणि आमच्याकडे रस्ता म्हणजे चढ नाहीतर उतार. गावातलं एकमेव सपाट मैदान पहाटे कुलपात असतं, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. राहिला समुद्र. भाट्याची पुळण दीडएक किलोमीटर, पण ओहोटीची ओली घट्ट वाळूच चालते, वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पोटरीवर जास्त ताण येतो. शेजारच्या खारवी काकांनी मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नवाच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराची भरती, म्हणजे पाचच्या सुमारास पाणी पार खाली. तिथून तीन-चार दिवस पहाट माझी. अष्टमीला सहा वाजताच भरती असते. ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी असली तरी घट्ट वाळू पाण्याखाली जाते, मग त्या दिवशी पायरी. गंमत म्हणजे मला सक्तीचे विश्रांतीचे दिवस चंद्राने लावून दिले, आणि ते मी मोडू शकत नव्हते. पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणून पुलाकडून जाताना उजवा पाय खाली राहतो आणि येताना डावा. जितकं जायचं तितकंच परत यायचं, म्हणजे एकाच पायावर सगळा भार येत नाही.

रोजची परीक्षा एकच. आदल्या दिवशी जे केलं त्यानंतर सकाळी ओट्यावरून डाव्या पायावर अंगणात उतरायचं. काही जाणवलं नाही तर पुढचा टप्पा, जाणवलं तर दोन दिवस बंद. पावसाळाभर किनारा सोडला, शेवाळलेल्या रस्त्यावर जपून थोडं थोडं चालू ठेवलं. ऑक्टोबरात एका दमात १५ किलोमीटर झाले. नोव्हेंबरात आठवड्याचे ४२. यंदाच्या शर्यतीत नाव घातलेलं होतंच.

पंधरा दिवसांपूर्वी २८ किलोमीटर धावायला निघाले होते. बाराव्या किलोमीटरला तीच जागा. दुखलं असंही म्हणता येणार नाही, तिथे काहीतरी आहे एवढं कळलं. मी थांबले. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि रिक्षा येईपर्यंत बसून राहिले. गेल्या वर्षभरात मी केलेल्या तयारीतला सगळ्यात अवघड भाग तो अर्धा तास होता. नुसतं बसून समोरचा समुद्र बघायचा आणि उठून धावायचं नाही. फिजिओने तपासून तीन आठवडे विश्रांती सांगितली. शर्यत त्याच्या आतच येते.

आयोजकांना मेल केला. उत्तर आलं: फी परत नाही, नाव बदलता येणार नाही, पुढच्या वर्षी ढकलता येणार नाही. गेल्या वर्षी मी ज्या कारणांनी दुखऱ्या पायावर उभी राहिले, त्यातलं पहिलं कारण आजही तसंच शाबूत आहे. मला आयोजकांची अडचण समजते. टी-शर्ट, पदकं, पाण्याचे टेबल यांची ऑर्डर आधी द्यावी लागते, स्वयंसेवक जमवावे लागतात. मग टी-शर्टचे आणि कामाचे पैसे कापून घ्या. पण शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधीपर्यंत डॉक्टरांचं पत्र दाखवणाऱ्याला पुढच्या वर्षीची जागा राखून ठेवा. फी फुकट जाईल या भीतीने माणूस मोडक्या हाडावर उभा राहतो, आणि तो उभा राहिला तर आयोजकांवरच जबाबदारी येते.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ पासून चालू आहे, ९० किलोमीटरच्या आसपासची. तिथे बारा तास झाले की बंदूक उडते, आणि एक सेकंद उशिरा येणाऱ्याचीही नोंद होत नाही. वाटेतही ठरलेल्या वेळेत न पोहोचणाऱ्याला थांबवतात. आपल्याकडच्या शर्यतींतही वेळेचा असा नियम असतो. घड्याळासाठी माणसाला थांबवता येतं, तर लंगडणाऱ्याला थांबवायला टेबलावर एक जाणकार माणूस का ठेवता येऊ नये? आणि थांबलेल्याला आणायला गाडी हवी. गेल्या वर्षी छत्तिसाव्या किलोमीटरला मी थांबले असते तर परत येणार कशी होते? मागेपुढे एकही वाहन नव्हतं.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या वेळी असा फोटो आला तर त्या धावपटूला दोन प्रश्न विचारून उत्तरं छापावीत: कुठे दुखतंय, आणि कुणाला दाखवलं. आणि निकालाच्या खाली वाटेत किती जण थांबले तो आकडाही द्यावा.

त्या मुलाने हे वाचलं तर त्याला सांगायचं आहे. बाळा, एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर ती चोळू नकोस. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नकोस. हाडाच्या डॉक्टरांना पुन्हा दाखव, आणि तोवर चालण्यापलीकडे काही करू नकोस.

यंदाच्या शर्यतीत मी धावणार नाही. शेवटच्या मोठ्या उताराच्या पायथ्याशी सकाळी सातपासून मी आणि आमच्या शेजाऱ्यांची रिक्षा उभी असेल. बरोबर मीठ घातलेलं कोकम सरबत असेल. ज्यांना तिथे थांबायचं असेल त्यांनी रिक्षात बसावं, भाडं मी आगाऊ दिलं आहे.

आपली,
एक धावणारी वाचक
भाट्ये, रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)