निराधारांची अट आणि बहिणींचा हप्ता

महोदय,

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, वगळलेली नावे आणि रखडलेले हप्ते यांच्या बातम्या आपल्या अंकांत सतत येतात. त्यावरचा वाद मात्र ‘रेवडी’ या एकाच शब्दाभोवती फिरतो. सरकारने पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न घटनेने कधीच निकालात काढला आहे. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत साहाय्य करण्याची जबाबदारी 41व्या कलमाने राज्यावर टाकली आहे आणि त्याच कलमात आर्थिक क्षमतेच्या मर्यादेची मेखही मारून ठेवली आहे. उरते ते एवढेच, की पहिला नंबर कोणाचा आणि तो कशाच्या आधारावर. नेमके इथेच घोडे पेंड खाते.

संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना 1500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवे, ही अट वर्षानुवर्षे चालत आली आहे. म्हणजे महिन्याला 1750 रुपये! शेतमजुरी करून दोन लेकरे वाढवणारी कोणती बाई एवढ्यात भागवते? खरे उत्पन्न सांगितले तर अर्ज बाद. म्हणजे खोटा दाखला काढायला सरकारच तिला भाग पाडते. याउलट 2024च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या लाडकी बहीण योजनेत रक्कम तीच, 1500, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तिजोरी एकच. शिवाय प्रचारात 2100चा वायदा. मतदानाआधी अर्जांची छाननी करायला कोणाला सवड नव्हती, ती नंतर मिळाली. पुढे पैसा कमी पडू लागला तेव्हा सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी इकडे वळवला गेला, त्यावर खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली.

याच महाराष्ट्राने विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना उभी केली. 1972च्या दुष्काळात ती कसाला लागली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. त्याआधीच, 1975 साली, तिच्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. पगाराच्या स्लिपवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा पैसा, असा उघड हिशेब होता. खोटे हजेरीपट झाले, पाझर तलाव कागदावरच राहिले, हे सगळे खरे. तरीही काम मिळाले नाही तर मजूर तहसीलवर मोर्चा नेऊन बेकारी भत्ता मागू शकत होता, कारण त्याच्या हातात कायदा होता. आजची लाडकी बहीण योजना मात्र शासन निर्णयावर चालते. हप्ता थांबलेल्या बाईने कोणत्या कलमावर बोट ठेवायचे? आणि दर भाषणात ‘भावाची ओवाळणी’ म्हणून मिरवायला हा पैसा कोणा भावाच्या खिशातला नाही.

येत्या अधिवेशनात आधी 21 हजारांची ती अट बदला. लाडकी बहीण योजना चालवायचीच असेल तर विधिमंडळात कायदा आणा आणि पैसा कोणत्या करातून येणार ते त्यातच लिहा. पन्नास वर्षे व्यवसाय कर भरणारा नोकरदार कदाचित आणखी शंभर रुपयेही देईल, पण त्याला विचारा तरी.

– एक वाचक, सातारा