तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, तर बाबांनी 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून विषय मिटवला असता. म्हणून लिहिते आहे. जानेवारीत आपण तिघं कंबोडियाला जातोय, तिकिटं काढून झाली. पैसे माझ्या बोनसचे आहेत. कोणाकडून उसने नाहीत आणि वावराच्या कुंपणाचे तर मी वेगळे ठेवलेत. विहिरीच्या वर्षी पंढरपूर राहिलं, मग माझं कॉलेज आलं, मग दादाचं ते सगळं. बाबा, गुडघा वाकतोय तोवर जाऊ.

तिथलं अंगकोर वाट हे देऊळ पाहायचं आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी बांधलेलं. श्रावणात ओसरीवर तुम्ही पोथी सांगायचे आणि शरपंजरी भीष्म आला की तुमचा आवाज खाली यायचा. मी आईच्या मांडीवर झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकायची. तोच भीष्म तिथे पश्चिमेच्या ओवरीत भिंतीवर कोरलेला आहे, बाणांवर पडलेला. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे, जवळपास पन्नास मीटर लांब, वासुकीला धरून ओढणारे देव आणि दैत्य. हे मोबाइलवर दाखवून भागायचं नाही. लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात मला खांद्यावर घेऊन जसं एकेक दाखवलं होतं, तसं तिथेही तुम्हीच दाखवा.

आई, तुझ्यासाठीही आहे. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांचा विष्णू उभा आहे. देऊळ पुढे बौद्धांचं झालं, तरी लोक त्याला आजही उदबत्ती लावतात. तूही लाव.

चालण्याची काळजी नको. पूर्वेच्या वाटेने आत गेलं की कमी चालावं लागतं, आणि ओवऱ्यांवर छत असल्याने ऊन लागत नाही. तीन दिवसांचा पास 62 डॉलरचा आहे, तो दहा दिवसांत कधीही वापरता येतो. म्हणजे एक दिवस पाहायचं, एक दिवस खोलीवर पडून राहायचं. खोलीला कमोड आहे, मी विचारून घेतलंय. तिथल्या जेवणात माशांचा अर्क फार असतो, पण देवळाजवळच्या सिएम रीप शहरात भारतीय खानावळी आहेत आणि भात तर सगळीकडेच. जवसाची चटणी नि ठेचा मी बांधून घेईन. कपडे नवे घेऊ नका. खांदे नि गुडघे झाकलेले लागतात, तुझी साडी आणि बाबांचं धोतर अगदी चालतं.

एक मात्र, बाबा. सगळ्यात वरच्या गाभाऱ्याचा जिना फार उभा आहे. तिथे चढायचं नाही. तुम्ही खाली आईजवळ बसा, वाईट वाटून घेऊ नका. पाहण्यासारखं खालीच खूप आहे.

हरभऱ्याच्या जागलीला दादा आहे. मी बोलले त्याच्याशी, रोह्यांचं तो पाहील. गाईचं काकूला सांगून ठेवा.

आणि आता ऐका. आजपासून रोज मारुतीच्या पारापर्यंत चालायचं, गुडघ्याला पट्टा बांधून. साखर याच आठवड्यात तपासा आणि आकडा मला कळवा, 'बरी आहे' असं नको. आई, चष्म्याचा नंबर काढून घे. पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत आहेत. पहिल्या पानाचा फोटो काढून दादाला आजच पाठवायला सांगा, व्हिसाचा अर्ज मी भरते.

तुमची,
बाई