सुरतेच्या थडग्यांवरच्या तारखा वाचा, दगड मात्र घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आपल्याकडचे इतिहासप्रेमी गट सुरतेला जातात. किल्ला आणि तापीचा काठ पाहून, खरेदी उरकून परततात. कतारगाम दरवाजाजवळची इंग्रजांची जुनी दफनभूमी आणि तिच्यापासून जवळच असलेली डच व आर्मेनियन दफनभूमी मात्र बहुतेकांच्या यादीत नसते. ती असावी आणि तिथे काय करू नये हेही लोकांना ठाऊक असावे, म्हणून हे पत्र.

इंग्रजांच्या दफनभूमीत जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ क्रिस्टोफर यांचे दुमजली, घुमटाचे स्मारक आहे. उंची सुमारे ४० फूट, व्यास २५ फूट. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, मोगल सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला, तेव्हा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार लढवणारा तो हाच जॉर्ज. पुढे १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आले आणि त्याचा कारभारही त्याच्याकडे गेला. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. त्यामुळे १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला ऑक्झेंडन हा नव्हे, तो हेन्री. ही गल्लत भल्याभल्यांच्या लेखांत सापडते. क्रिस्टोफरचा १६५९ चा लॅटिन मृत्युलेख व्यापाऱ्याच्या वहीच्या भाषेत रचलेला आहे: त्याला खात्यात वर्षे नव्हे, दिवसच मांडता आले, अशा अर्थाचा. तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

तारखांची एक मेख ध्यानात ठेवावी. त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि ही रीत १७५२ पर्यंत टिकली. म्हणून जानेवारी ते २४ मार्च या काळातला मृत्यू असेल, तर दगडावर आधीच्या वर्षाचा आकडा दिसू शकतो. सुरतेची पहिली लूटही इंग्रजी कागदांत १६६३ सालची म्हणून नोंदलेली आढळते. डचांनी मात्र नवे ग्रेगोरियन कॅलेंडर केव्हाच स्वीकारले होते. सतराव्या शतकात इंग्रजांचे जुने ज्युलियन कॅलेंडर आणि हे नवे यांत १० दिवसांचा फरक पडे. शेजारच्या दोन दफनभूमींतल्या तारखा एकमेकींशी ताडून पाहताना हे विसरले, की हिशेब चुकतो.

डच दफनभूमीतले अष्टकोनी स्मारक १६९१ मध्ये वारलेल्या व्हान ऱ्हेडे या डच कंपनीच्या अधिकाऱ्याचे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा १२ खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवला. त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापले आहे. गोव्याच्या आणि कोकणच्या वाचकाने या थडग्यापुढे दोन मिनिटे थांबायलाच हवे.

आता वाचायचे कसे? दगडावर खडू, पीठ किंवा खोबरेल चोळू नका. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते, तेलावर धूळ धरते आणि मग ते काढायला कुणीतरी तारेचा ब्रश आणतो. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी पुसायचे ॲसिड तर संगमरवर विरघळवतेच. त्याऐवजी काळ्या छत्रीची सावली धरा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका कडेने प्रकाश पाडा. झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. फोटो मात्र अगदी समोरून घ्या. वरच्या मजल्यावर चढू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर गवत माजलेले असते, तेव्हा बूट घालूनच जा. ही संरक्षित स्मारके आहेत. नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्याखाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

देखभालीबाबतही सांगायला हवे, कारण अशा वास्तूंना हौशी दुरुस्तीचा फटका अधिक बसतो. ही बांधकामे वीट-चुन्याची. वीट जमिनीतली ओल शोषते आणि चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. वरून सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार विटेच्या तोंडाशी गोठतात आणि दोन-चार वर्षांत सिमेंटची खपली विटेचा पापुद्रा घेऊनच गळून पडते. म्हणून पाण्यात विरवलेला चुना, वाळू आणि सुरखी (विटेचा चुरा) यांचाच माल वापरावा आणि तो आठवडे-आठवडे ओला ठेवावा. पक्ष्यांच्या विष्ठेतून घुमटाच्या सांध्यांत पिंपळ रुजतो. रोप बोटभर असताना हाताने निघते. मूळ जाड झाल्यावर ओढले, तर विटा घेऊनच येते. तेव्हा ते बुंध्याशी कापून, खोडावर औषध लावून, मेलेले मूळ आत ठेवूनच भेगेत पातळ चुना भरावा लागतो. दर पावसाळ्यानंतर एक फेरी मारली, तर ही वेळच येत नाही.

पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने प्रत्येक प्रमुख थडग्यापाशी मूळ लेख, त्याची नक्कल आणि गुजराती, हिंदी व मराठी अनुवाद असलेला फलक लावावा, ही विनंती. अक्षरे अजून वाचता येतात तोवर नक्कल करणे सोपे आहे. फलक भिंतीला खिळ्यांनी ठोकू नये, जमिनीत स्वतंत्र खांबावर उभा करावा.

आपला,
जुन्या वास्तूंचा एक अभ्यासक, ठाणे